अर्ध्या तासाचा ट्रॅक शेवटपर्यंत कसा ऐकायचा: लांबलचक प्रोग्रेसिव्ह इलेक्ट्रॉनिक संगीत शोधण्याची पायरीवार पद्धत

आमच्या सोसायटीतला एक कॉलेजकुमार सकाळी ठाणे स्टेशनात ट्रान्स हार्बरच्या, म्हणजे वाशी-पनवेल लोकलच्या, फलाटावर भेटतो. परवा त्याने हेडफोन गळ्यात टाकत विचारलं, "काका, तुम्ही सांगितलेला ट्रॅक लावला होता. तो सुरू कधी होतो?"

"किती ऐकलास?"

"चार मिनिटं. मग पुढे ढकलत ढकलत बघितलं, तर सगळीकडे सारखंच वाजत होतं."

ट्रॅक २९ मिनिटांचा होता. प्रकार प्रोग्रेसिव्ह इलेक्ट्रॉनिक, म्हणजे सिंथेसायझरवर (सिंथवर) वाजवलेलं, हळूहळू बदलत जाणारं लांब संगीत. असे संवाद माझे बऱ्याच जणांशी झाले आहेत, आणि दरवेळी चूक आवडीनिवडीची नसते, क्रमाची असते. बडा ख्याल असा पुढे ढकलत ऐकला, तर तिथेही एक माणूस तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणतोय, एवढंच कळेल. खाली दिलेला क्रम मी स्वतः बऱ्याच चुका करून बसवला आहे. पायऱ्या गाळू नका, विशेषतः दुसरी.

१. शोधायला बसण्याआधी शब्द नीट ठरवा

'प्रोग्रेसिव्ह' एवढंच टाकून शोधलंत की समोर प्रोग्रेसिव्ह हाउस, प्रोग्रेसिव्ह ट्रान्स आणि गोव्याच्या पार्ट्यांतला सायट्रान्स येतो. त्यातलं काही चांगलं असेल, पण आपल्याला हवं ते हे नव्हे. तिथे सात-आठ मिनिटांची 'एक्स्टेंडेड' आवृत्ती असते ती डीजेच्या सोयीसाठी. सुरुवातीला आणि शेवटी नुसता ठेका ठेवलेला असतो, म्हणजे आधीचं गाणं याच्यात मिसळता येतं. लांबी आहे, पण त्या लांबीत काही घडत नाही.

शोधताना हे शब्द वापरा: 'प्रोग्रेसिव्ह इलेक्ट्रॉनिक', 'बर्लिन स्कूल', 'कोस्मिशे', 'स्पेस म्युझिक', 'मॉड्युलर सिंथ', 'स्पेस डिस्को'. पहिले दोन सगळ्यात कामाचे. 'बर्लिन स्कूल' आणि 'कोस्मिशे' ही १९७०च्या दशकातल्या जर्मन सिंथ-संगीताची नावं, तिथूनच हा प्रकार आला. शोधपट्टीत अर्थातच इंग्रजी स्पेलिंग टाका.

सावधान: एक तासाचा डीजे मिक्स म्हणजे एक तासाचा ट्रॅक नव्हे. त्यात वीसएक गाणी जोडलेली असतात. 'अभ्यासासाठी १० तास' असे व्हिडिओही बाजूला ठेवा. तिथे बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांचा तुकडा गोल गोल फिरत असतो.

तपासणी: अल्बमच्या यादीत ट्रॅकची संख्या आणि एकूण वेळ बघा. ४० मिनिटांच्या वर वेळ आणि चार किंवा त्याहून कमी ट्रॅक असतील, तर बहुधा योग्य दुकानात शिरला आहात.

२. फोन आणि कान तयार करा

ही पायरी सगळे उडवतात आणि मग संगीताला दोष देतात.

एकदा मी स्वतः एका फुकटच्या अ‍ॅपवर पाऊण तासाचा ट्रॅक लावून बसलो होतो. बाविसाव्या मिनिटाला, अगदी जिथे खालचा सूर सरकणार तिथेच, फरशी पुसायच्या द्रावणाची जाहिरात ठणाणा वाजली. परत मागे जाऊन ऐकायची इच्छाच राहिली नाही. तीन मिनिटांच्या गाण्यात व्यत्यय आला तर गाणं पुन्हा लावता येतं. इथे वीस मिनिटांत चढवलेलं सगळं खाली कोसळतं.

म्हणून आधी सेटिंग्जमध्ये जा. शफल बंद. ऑटोप्ले बंद, नाहीतर ट्रॅक संपल्यावर जी शांतता हवी असते तिच्यावर अ‍ॅप स्वतःच्या मर्जीचं काहीतरी लादतं. एक ट्रॅक दुसऱ्यात मिसळणारा क्रॉसफेड शून्य. दोन ट्रॅकमध्ये खंड न पडू देणारं गॅपलेस चालू, कारण काही अल्बमचे भाग एकमेकांना जोडलेले असतात आणि मध्ये अर्धा सेकंद गेला तरी ठेच लागते. आवाजाची पातळी समान करणारी सोय असेल तर ती बंद ठेवा, किंवा 'अल्बम'वर ठेवा. ती प्रत्येक ट्रॅकला वेगवेगळी लागू झाली, तर मुद्दाम हळू ठेवलेला भाग उगाच मोठा होतो.

मग ट्रॅक डाउनलोड करा. गाडीत नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. ३२० केबीपीएस दर्जाला मिनिटाला साधारण २.४ एमबी लागतात, म्हणजे २९ मिनिटांचा ट्रॅक ७० एमबीत बसतो. फ्लॅक, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळणारी फाइल घेतलीत तर तोच ट्रॅक दीडशे-दोनशे एमबीच्या आसपास जाईल. लोकलच्या खडखडाटात दोन्हींतला फरक ऐकू येणार नाही. घरी ऐकायचं असेल तरच फ्लॅकच्या नादी लागा.

फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर टाका. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या सुप्रभातसकट सगळं अर्धा तास थांबू शकतं.

आता आवाज. हे ट्रॅक फार हळू सुरू होतात. ऐकू येत नाही म्हणून माणूस आवाज वाढवतो आणि बाराव्या मिनिटाला कान बधिर होतात. म्हणून आधी ट्रॅकच्या दोन तृतीयांश जागी जा, दहा सेकंद ऐका, तिथे आवाज सहन होईल इतका ठेवा आणि मग सुरुवातीला या. पुढे ढकलण्याची परवानगी एवढ्यापुरतीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतात. आवाज त्याच्या वर गेला की तास झपाट्याने कमी होतात. डब्यातल्या गोंगाटाशी आवाज वाढवून स्पर्धा करण्यापेक्षा कानात घट्ट बसणारे, रबरी टोपीचे इयरफोन घ्या.

सावधान: स्टेशनात शिरताना, जिना उतरताना, रस्ता ओलांडताना दोन्ही कान मोकळे. आणि बाहेरचा आवाज बंद करणारे हेडफोन असतील, तर उतरायच्या वेळेच्या दोन मिनिटं आधीचं कंपन फोनवर लावून ठेवा. मी तुर्भ्याला उतरायचं सोडून थेट वाशीला पोहोचलो आहे.

३. आधी वेळ शोधा, मग ट्रॅक

लोक ट्रॅक निवडतात आणि मग वेळ शोधतात. उलटं करा. दिवसातला कुणी हात न लावणारा तुकडा कोणता, तो किती मिनिटांचा, हे आधी लिहून काढा.

आपल्याकडे हे सोपं आहे, कारण ट्रान्स हार्बरने वेळ आखूनच दिली आहे. ऐरोली ते कोपरखैरणे साधारण दहा मिनिटं. ठाणे ते वाशी जवळपास अर्धा तास. ठाणे ते पनवेल पन्नासच्या वर. गाडीत बसायला जागा मिळणार असेल तरच हा वेळ धरा. सकाळी दारात लोंबकळत कसलंही संगीत ऐकू नये.

घरचा वेळ म्हणाल तर रात्री साडेनऊनंतरचा बरा. घोडबंदर रोडच्या बाजूला खिडकी असेल, तर ट्रकची घरघर आणि सिंथचा खर्ज यांत कोण कुठला हे कळत नाही, तेव्हा आतली खोली गाठा. स्पीकरवर ऐकणार असाल तर खर्ज भिंतीतून शेजारी जातो हे ध्यानात ठेवा. तुम्हाला जेमतेम जाणवतो तो सूर जोशीकाकूंच्या कपाटाच्या काचा वाजवतो.

४. लांबीची शिडी चढा

सगळ्यात जास्त दिला जाणारा आणि सगळ्यात वाईट सल्ला म्हणजे 'मुळापासून सुरुवात कर'. १९७०च्या दशकातले जर्मन अल्बम थोर आहेत, पण नवख्या कानाला ते जुन्या विज्ञानपटाचं पार्श्वसंगीत वाटतात आणि माणूस कायमचा पळतो. ते शेवटी. दुसरा सल्ला आपल्या मुंबईच्या अभिमानातून येतो: 'चरणजित सिंगपासून सुरू कर'. त्यांचा १९८२चा, दहा राग डिस्को ठेक्यावर बसवलेला अल्बम जरूर ऐका. पण त्यातला एकेक राग पाचेक मिनिटांचा आहे. दम वाढवायला तो उपयोगी नाही.

मी सुरुवात एकाच अल्बमपासून करून देतो: नॉर्वेच्या लिंडस्ट्रमचा २००८चा 'व्हेअर यू गो आय गो टू'. फक्त तीन ट्रॅक, एकूण ५५ मिनिटं. गंमत अशी की लांबीच्या तिन्ही पायऱ्या त्यातच आहेत. पण अल्बमचा क्रम पाळू नका, कारण पहिलाच ट्रॅक २९ मिनिटांचा आहे आणि बहुतेक जण तिथेच गळतात.

पहिल्या आठवड्यात 'ग्रँड आयडियाज' घ्या, दहा मिनिटं. ठेका स्पष्ट आहे, पाय आपोआप हलतो. दुसऱ्या आठवड्यात 'द लाँग वे होम', सोळा मिनिटं. मग तिसऱ्या आठवड्यात ठाण्याला गाडी सुटताना शीर्षक ट्रॅक लावा. गाडी वेळेवर असेल तर तो वाशीच्या आसपास संपतो. त्या कॉलेजकुमाराला मी हाच ट्रॅक थेट दिला होता, म्हणजे चूक माझीच.

त्यानंतर थोडं कडक काही. इटलीच्या कातेरिना बार्बिएरीचा 'फान्तास' (२०१९, साधारण दहा मिनिटं) ठेक्याशिवाय चालतो. ढोल नाही, ताशा नाही, नुसती सुरांची वीण. ठेक्याच्या आधाराशिवाय दहा मिनिटं टिकता येतं का, याची ती परीक्षा. क्लीव्हलँडच्या एमराल्ड्स या त्रिकुटाचा 'जेनेटिक' (२०१०, बारा मिनिटं) गिटार आणि सिंथ एकमेकांत विरघळवतो. तो मला पावसाळ्यात जास्त आवडतो, का ते सांगता येणार नाही.

वीस मिनिटांच्या पायरीवर टँजरीन ड्रीम. गट १९६७चा, पण २०२२चा 'राउम' हा अल्बम आजच्या मंडळींनी केला आहे. संस्थापक एडगर फ्रोजे २०१५मध्ये गेले. त्यातला 'इन २५६ त्साइखेन' साधारण १९ मिनिटांचा आहे. जुनी पद्धत आणि नवा स्वच्छ आवाज दोन्ही एका ठिकाणी मिळतात, म्हणून पुढे १९७०च्या दशकात उतरायला हा चांगला जिना आहे.

चाळीसच्या वर जायचं तर जॉन हॉपकिन्सचा 'रिच्युअल' (२०२४, ४१ मिनिटं, आठ जोडलेले भाग). दुसऱ्या पायरीतलं गॅपलेस चालू आहे ना, ते इथे पुन्हा बघा.

आणि तासाभराचा एकच ट्रॅक हवा असेल तर मान्युएल गॉट्शिंगचा 'ई टू - ई फोर'. वाजवला डिसेंबर १९८१मध्ये, आला १९८४मध्ये, लांबी ५९ मिनिटं. नाव बुद्धिबळातल्या एका नेहमीच्या पहिल्या चालीचं. जवळजवळ सगळा ट्रॅक दोन कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या दोन जुडग्यांवर, झुलतो आणि गिटार येते ती अर्ध्याच्या आसपास. पनवेल गाडीसाठी उत्तम, पण फोन चार्ज करून निघा.

तपासणी: एका पायरीवरचा ट्रॅक दोनदा पूर्ण ऐकून झाला आणि एकदाही घड्याळ बघितलं नाही, तर वर चढा. बघितलं असेल तर त्याच लांबीचा दुसरा ट्रॅक घ्या. इथे घाई करून काही मिळत नाही.

५. ऐकताना नेमकं काय धरायचं

'सगळं सारखंच वाजतं' ही तक्रार खोटी नाही. बरंचसं खरंच सारखं असतं. या संगीताचा कणा म्हणजे सीक्वेन्सर, म्हणजे ठरावीक सूर ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा वाजवणारं यंत्र. नेहमीचा साचा १६ खणांचा, म्हणजे सुरांच्या १६ जागांचा. तीनतालाच्या १६ मात्रा अंगात मुरलेल्या माणसाला हा आकडा परका नाही, फक्त इथे खण फार भराभर जातात. मिनिटाला १२० ठोके असतील आणि एका ठोक्यात चार खण, तर पूर्ण आवर्तन दोन सेकंदांत संपतं. म्हणजे २९ मिनिटांत ८७० आवर्तनं. कान त्या आवर्तनांवर ठेवलात तर कंटाळा ठरलेला. तो ठेका समजा, आणि ठेक्यावर काय चाललंय तिकडे कान न्या.

एका ऐकण्यात एकच गोष्ट धरा. क्रम असा:

पहिल्यांदा फक्त खालचा सूर. सीक्वेन्स तोच राहतो आणि वाजवणारा अख्खी वीण उचलून वरच्या किंवा खालच्या सुरावर ठेवतो. तानपुरा मध्येच दुसऱ्या सुरात लावावा तसं. आपल्याकडे हे होत नाही, म्हणून पहिल्यांदा दचकायला होतं. या संगीतात गोष्ट पुढे सरकते ती बहुतेक अशा जागी.

दुसऱ्यांदा आवाजाचा उजेड. सूर बदलत नाहीत, पण आवाज आधी घोंगडीखालून आल्यासारखा असतो आणि मग पाच-सहा मिनिटांत हळूहळू उघडतो. हे फिल्टरचं काम. आठव्या मिनिटाला तुमच्या लक्षात येतं की खोलीत कधीतरी उजाडलंय, पण नेमकं कधी ते सांगता येत नाही. मला विचाराल तर या सगळ्या प्रकारातलं खरं सुख हे.

तिसऱ्यांदा दोन साच्यांची भांडणं. एक ५ खणांचा आणि दुसरा ८ खणांचा असेल, तर दोघं ४० खणांनी पुन्हा एकत्र येतात. तिहाई समेवर येते तेव्हा मान हलते ना, तसा तो क्षण पकडा. बार्बिएरीकडे या खेळासाठी जावं.

सावधान: आलाप, जोड, झाला ही चौकट मनात असेल तर उपयोग होतो, पण ती जशीच्या तशी बसवू नका. शेवटी लय वाढेलच असं इथे नाही. बरेच ट्रॅक मधोमध सगळ्यात भरलेले असतात आणि शेवटची पाच मिनिटं नुसते विरत जातात. शिखराची वाट बघत बसलेला माणूस शिखर मागे टाकून आलेला असतो.

६. वही ठेवा, पण दुसऱ्या वेळेपासून

पहिल्यांदा ऐकताना काही लिहू नका, फोनही हातात नको. दुसऱ्यांदा मिनिट आणि तीन-चार शब्द, बस. एका बारा मिनिटांच्या ट्रॅकची माझी नोंद अशी आहे: '२ – नुसता वारा. ४ – वीण आली, बारीक. ७ – खालचा सूर सरकला, अंगावर काटा. ९ – वीण गेली? नाही, दबली. ११ – परत वारा, पण आता ओळखीचा.'

तिसऱ्यांदा नोंदीशिवाय ऐका आणि सातव्या मिनिटाची वाट बघा. आधीच माहीत असूनही काटा आला, तर तो ट्रॅक ठेवायचा. नाही आला तर सोडून द्या. तीन वेळा प्रामाणिकपणे ऐकून न आवडलेलं संगीत आवडून घ्यायची सक्ती नाही.

७. पुढचा ट्रॅक धाग्याने शोधा

अ‍ॅपच्या शिफारशींवर जाऊ नका. त्या लांबी बघत नाहीत, 'शांत' आणि 'सिंथ' एवढं बघून झोपेच्या संगीताकडे नेतात. त्यापेक्षा आवडलेल्या एका ट्रॅकला धरून तीनच धागे ओढा.

माणसाचा धागा सगळ्यात पक्का. एमराल्ड्स आवडले? तिघांपैकी स्टीव्ह हाउशिल्ट, मार्क मॅग्वायर आणि जॉन एलियट प्रत्येकाचं स्वतंत्र काम आहे. 'राउम' आवडला तर त्यातल्या उलरिख श्नाउसचे स्वतःचे अल्बम बघा. कोणी कशात वाजवलं याची नोंद डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर मिळते.

दुसरा धागा लेबलचा, म्हणजे अल्बम काढणाऱ्या कंपनीचा. इयन बॉडी यांचं १९९९पासूनचं डीआयएन हे छोटं ब्रिटिश लेबल या रस्त्यावरचं हमखास ठिकाण. बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर लेबलचं पान उघडा आणि पहिल्या पायरीतली ट्रॅकसंख्येची तपासणी लावा.

तिसरा धागा यादीचा: रेट युवर म्युझिक या, श्रोते अल्बमना गुण देतात त्या संकेतस्थळावर 'प्रोग्रेसिव्ह इलेक्ट्रॉनिक' या प्रकाराची क्रमवारी काढा आणि वर्षं २०१० नंतरची ठेवा. नाहीतर वरचे सगळे १९७०च्या दशकातले येतात आणि आपण पुन्हा 'मुळापासून'च्या खड्ड्यात.

सावधान: हल्ली एआयने ढिगाने पाडलेलं 'बर्लिन स्कूल'ही फिरतं. वाद्यांचा उल्लेख नाही, कुठे प्रत्यक्ष वाजवल्याची खूण नाही, सगळे ट्रॅक जवळजवळ एकाच लांबीचे, मुखपृष्ठावर तोच जांभळा ग्रह, अशा चार खुणा एकत्र दिसल्या की पुढे चला. एकटीच खूण पुरेशी नाही. या क्षेत्रात वर्षाला पाच-सहा अल्बम काढणारी खरी माणसंही आहेत, आणि जांभळ्या ग्रहाचा मोह तर सगळ्यांनाच.

आठवड्याला एकच नवा ट्रॅक. यादीत चाळीस नावं साठवून त्यांतलं एकही न ऐकणारे माझ्या ओळखीत चार जण आहेत.

८. आवडलेलं विकत घ्या

बँडकॅम्पवर पूर्ण ट्रॅक आधी ऐकता येतो आणि घेतल्यावर फ्लॅक मिळते. पैसे जात नसतील तर बहुतेक वेळा कारण एकच: आपल्या कार्डांवर परदेशी ऑनलाइन व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये तो पर्याय चालू करा, मर्यादा हजार-दोन हजार ठेवा आणि काम झालं की पुन्हा बंद. फाइल उतरवली की लगेच दुसऱ्या ठिकाणी प्रत ठेवा आणि फाइलच्या नावात मिनिटं लिहा. सकाळी फलाटावर उभं राहून 'आज वाशीपर्यंत की पनवेलपर्यंत' एवढाच प्रश्न उरतो, आणि ट्रॅक त्यावरून काढता येतो.